वर्षाची शिल्लक

चिनी घरांत नववर्षाच्या आदल्या रात्रीं सारें कुटुंब एका मेजाभोंवतीं जेवावयास बसतें, तेव्हां पंगतीच्या अखेरीस एक आख्खा मासा, डोक्याशेपटीसह, मध्यभागीं आणून ठेवितात. सर्वांची नजर त्याच्यावर असते. पण तो कोणी पुरता खात नाहीं. कोठें त्याला त्या रात्रीं हातच लावावयाचा नाहीं असा दंडक, तर कोठें मधला भाग खाऊन डोकें व शेपूट तशींच ठेवावयाचीं अशी रीत. कांहीं तरी उरलें पाहिजे, आणि तें उरलेलें दुसऱ्या दिवशीं, म्हणजे नव्या वर्षांत, पानांत आलें पाहिजे, हा त्यांतला मुद्दा. आमच्या वाचक कुटुंबांपैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत माशाला मज्जाव आहे, हें आम्ही जाणतों. तरी या महिन्यापुरता त्याचा वास घटकाभर सहन करावा अशी विनंति आहे. कारण आम्हांस जें सांगावयाचें आहे, त्यांत मासा थोडा आणि उरणें फार आहे.

चिनी भाषेंत माशाला 'यू' म्हणतात; आणि शिल्लक राहणें, पुरून उरणें, यालाहि 'यू'च म्हणतात. लिहिण्याचीं चिन्हें अगदीं निराळीं, पण उच्चार एक आणि सूरहि एक. त्या भाषेंत शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. तोच ध्वनि चढत्या सुरांत एक अर्थ देतो आणि उतरत्या सुरांत दुसरा. शिवाय मुळांत ध्वनींचें भांडवल बेताचें. सूर बाजूस ठेविले तर प्रमाण चिनी भाषेंत एका दमांत उच्चारावयाचे निरनिराळे ध्वनिघटक सुमारें ४०० भरतात. आणि एवढ्यांवर एका प्रचंड राष्ट्राचा सगळा संसार चालवावयाचा असतो. साहजिकच एकेका ध्वनीच्या पोटांत अनेक शब्द दाटीवाटीनें राहतात. श्लेष हा आपल्याकडे पंडितांचा अलंकार. तेथें तो आजीबाईंच्या तोंडचा. 'न्येन न्येन यौ यू', म्हणजे वर्षानुवर्षें शिल्लक राहो, असा आशीर्वाद वडील माणसें देतात, तेव्हां ऐकणाऱ्याला 'वर्षानुवर्षें मासा असो' असेंहि ऐकूं येतें. आणि मासा तर समोर ताटांत असतोच. आशीर्वाद उच्चारावयाचा, डोळ्यांनीं पाहावयाचा आणि जिभेनें चाखावयाचा, असा हा तिहेरी व्यवहार आहे.

किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांत या माशाविषयीं आणखी एक नियम पाळतात. वरची बाजू खाऊन झाली तरी मासा ताटांत उलटा करावयाचा नाहीं. कांटा काढून खालची बाजू खावयाची. मासा उलटला तर होडी उलटेल. समुद्रावर ज्यांचा माणूस गेलेला असतो, त्यांना हा नियम कोणी समजावून सांगावा लागत नाहीं.

परंतु जेथें समुद्र नाहीं, नदी दूर आहे, आणि असली तरी मासा विकत घेण्यास गांठीं पैसा नाहीं, तेथें काय करावें? उत्तर चीनच्या कोरड्या मुलखांत कांहीं ठिकाणीं पूर्वीं लांकडाचा कोरलेला मासा ताटांत ठेवून त्यावर गरम रस्सा ओतीत व तो पंगतींत मांडीत. माणसें रस्सा टिपून खात. मासा अर्थातच पुरता उरे, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां कामास येई.

लांकडी माशाची ही हकीकत वाचून कोणास हंसूं येईल. तें येऊं नये म्हणून थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. १८७६ ते १८७९ या काळांत उत्तर चीनवर पावसानें पाठ फिरविली. शान्सी, हनान, शान्तुंग, शेन्सी आणि पेकिंगभोंवतालचा चिली हे पांच प्रांत होरपळून निघाले. शान्सींत लोकांनीं झाडांच्या सालींचें पीठ करून खाल्लें. मेलेल्यांचा अंदाज ९० लाखांपासून १ कोटी ३० लाखांपर्यंत करितात. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या वर्षांत, आपल्या दख्खनेंतहि तोच अनर्थ चालला होता. सोलापूर, विजापूर, अहमदनगर, सातारा, पुणें या जिल्ह्यांतील माणसें दुष्काळी कामांवर खडी फोडीत होतीं, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गांवोगांवची हकीकत गोळा करून सरकारापुढें मांडीत होती. हे दोन्ही दुष्काळ एकाच कारणाचे, असें आतां हवामानशास्त्रज्ञ मानतात: प्रशांत महासागराचें पाणी तापून वाऱ्यांची घडी विस्कटली, 'एल निनो' म्हणतात तो हाच उत्पात. आपल्या खापरपणजोबांना आणि शान्सींतील शेतकऱ्याला एकमेकांचें नांवहि ठाऊक नव्हतें. पण दोघेहि एकाच कोरड्या आकाशाकडे पाहत बसले होते.

पुढें १९५९ ते १९६१ मध्यें त्याहूनहि मोठा दुष्काळ चीनवर आला, आणि त्यांत आभाळापेक्षां राज्यकर्त्यांचा दोष अधिक होता. १९५८ पासून खेड्यापाड्यांत सार्वजनिक भोजनशाळा काढल्या. घरोघरच्या चुली थंडावल्या. कित्येक ठिकाणीं लोखंडी कढया सुद्धां पोलाद करण्याच्या हट्टापायीं भट्टींत गेल्या. धान्य पिकल्याचे आंकडे फुगवून सांगितले, आणि त्या खोट्या आंकड्यांवर सरकारी वसुली झाली. त्या तीन वर्षांत किती माणसें गेलीं याविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. ज्या घरांत कढईच उरली नाहीं, तेथें शिल्लक या शब्दाचा उच्चार कसा झाला असेल याची कल्पना प्रत्येकानें करावी. 'जेवलांत काय?' हा प्रश्न चिनी लोकांत आपल्या 'रामराम'सारखा, भेटतांक्षणीं विचारण्याचा आहे. त्याचें उत्तर कोणी विशेष ऐकत नाहीं. पण हाच प्रश्न अभिवादनासाठीं निवडला गेला, यांत त्या लोकांचा फार मोठा इतिहास आहे.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे इतर पदार्थांकडे पाहण्याची दृष्टि बदलते. नववर्षाचा दुसरा मानाचा पदार्थ म्हणजे 'न्येन-गाऊ'. चिकट तांदळाच्या पिठाची वाफवलेली वडी. दक्षिणेंत ती गुळासारख्या तपकिरी साखरेची, गोड असते. शांघायकडे ती बिनसाखरेची, पांढरी, काप करून भाजीबरोबर परतावयाची. 'न्येन' म्हणजे वर्ष, आणि 'गाऊ' म्हणजे वडी. परंतु 'गाऊ' म्हणजे उंच असाहि अर्थ आहे. वडी खाणारा दरसाल एक पायरी वर चढो: मुलगा उंचीनें, विद्यार्थी परीक्षेंत, कारकून पगारांत. एवढ्यावर हा पदार्थ गोड विनोद म्हणून संपला असता. पण सूचाऊ शहरांत त्याची एक जुनी कथा सांगतात. सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं वू राज्याचा मुत्सद्दी वू झीशू यानें शहराचा तट बांधविला, आणि मरणापूर्वीं विश्वासांतल्या माणसांस सांगून ठेविलें कीं, पुढें अन्नाची टंचाई पडली तर वेशीखालीं खणून पाहा. तो गेल्यावर शत्रूचा वेढा पडला, लोक उपाशी मरूं लागले, तेव्हां कोणास त्याचे शब्द आठवले. वेशीखालीं खणलें तों विटा निघाल्या त्या चिकट तांदळाच्या पिठाच्या. कथेंतील किती खरें, हें इतिहासकारांनीं पाहावें. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, ज्या लोकांनीं आपल्या सणाच्या गोड वडीला तटाखालीं पुरलेल्या विटेचें मूळ दिलें, त्यांनीं उपास काढलेले होते.

चुलीच्या देवाची गोष्ट मात्र हंसत हंसत सांगण्याजोगी आहे. चिनी स्वयंपाकघरांत चुलीवर एक कागदी चित्र चिकटवितात; तो चुलीचा देव. तो वर्षभर घरांतलें सारें पाहतो, ऐकतो, आणि बाराव्या महिन्याच्या २३ व्या दिवशीं (दक्षिणेकडे २४ व्या) स्वर्गांत जाऊन सम्राटाला घराचा अहवाल देतो. सासूसुनांचे संवाद त्यानें जसेच्या तसे कथन केले तर कोणत्या घराची धडगत आहे? म्हणून त्या दिवशीं त्याला मोड आणलेल्या धान्यापासून केलेली चिवट साखर नैवेद्य म्हणून दाखवितात, कांहीं घरीं ती त्याच्या ओंठांना फांसतातहि. दांत चिकटून बसले तर बोलणार काय. आणि बोललाच तर गोड बोलेल. मग तें चित्र जाळून त्याला रवाना करितात व नव्या वर्षीं नवें चित्र लावितात. एकत्र कुटुंबांत नांदलेल्या आमच्या भगिनींस या देवाची उपयुक्तता आम्हीं निराळी सांगावयास नको.

उत्तरेकडे नववर्षाच्या मध्यरात्रीं 'जिआओझी' उकडतात. गव्हाच्या पिठाची लहानशी पारी लाटून, आंत कोबीचें व बहुधा डुकराच्या मांसाचें सारण भरून, कडा मुरडून मिटावयाच्या आणि उकळत्या पाण्यांत सोडावयाच्या. आपल्या करंजीची ही उकडलेली धाकटी बहीण. पदार्थ फार जुना आहे. तुर्फानजवळ आस्ताना येथील थांग राजवटीच्या थडग्यांत हजार वर्षांहून जुन्या जिआओझी सुकून जशाच्या तशा सांपडल्या आहेत. आकार जुन्या काळच्या सोन्याचांदीच्या लगडीसारखा, म्हणून त्या खाणें म्हणजे धन घरांत घेणें. एखादींत नाणें लपवितात, आणि तें ज्याच्या दांताखालीं येईल त्याचें वर्ष चांगलें. या सगळ्यांपेक्षां आम्हांस मौजेची वाटते ती एक लहान गोष्ट. उकळतांना एखादी पारी फुटली, तर 'फुटली' असें त्या दिवशीं म्हणावयाचें नाहीं. 'झंग' झाली म्हणावयाचें. आणि त्या शब्दाचा अर्थ ताणून सुटणें असाहि होतो व कष्टानें मिळविणें असाहि होतो. पारी फुटली नाहीं, तिनें कमाई केली!

यांत आपणांस परकें वाटण्याजोगें कांहीं नाहीं. आपल्या घरांत बांगडी फुटत नाहीं, ती वाढते. देवापुढें नारळ वाढवितात. दुकानदार रात्रीं दुकान वाढवितो. आणि निघालेला माणूस 'येतों' म्हणून उंबरा ओलांडतो. ताटांत अन्न पडतें तेंहि 'वाढणें'च. भेद असलाच तर इतका कीं, आपण बहुधा अशुभाचें नांव टाळतों. चिनी गृहिणी त्यावर न थांबतां शुभाचें नांव शिजवून पानांत वाढते. नव्या नवरीच्या अंथरुणावर त्यांच्याकडे बोरासारखी लाल खजूर, भुईमूग, लोंगान नांवाचें फळ व कमळबीज ठेवितात. त्या चौघांचीं नांवें ओळीनें उच्चारलीं कीं 'लौकर भाग्यवान पुत्र होवो' असें वाक्य होतें. आपणहि खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी घालून ओटी भरतों. पुत्रच कां, असें विचारणाऱ्या लेकी आतां तिकडेहि आहेत आणि इकडेहि. शिवाय ज्या देशानें सुमारें १९८० पासून २०१५ पर्यंत एका अपत्याचा कायदा चालविला, तेथें हें वाक्य नवरीच्या अंथरुणावर दरसाल कोणत्या मुद्रेनें मांडीत असतील, कोण जाणे.

आतां शाकाहारी वाचकांच्या पानाकडे वळूं. बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशीं चीनमध्यें 'लाबा' नांवाची खीर करितात. तांदूळ, बाजरीसारखीं भरड धान्यें, शेंगदाणे, लाल चवळीसारख्या शेंगांचे दाणे, कमळबीज, खजूर हे सारे मंद आंचेवर रात्रभर शिजवावयाचे. हा दिवस तिकडे बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचा मानतात, आणि ही खीर म्हणजे सुजातेनें उपाशी सिद्धार्थाला दिलेल्या पायसाची आठवण. सोंग राजवटीच्या काळींहि मठांतून ती वांटीत. पेकिंगच्या योंगह मंदिरापुढें ती घेण्यास अजून रांगा लागतात. गयेजवळची एक वाटी इतकी दूर गेली आणि थंडींत गोठलेल्या लोकांच्या हातांत अजून वाफाळते आहे, हें आम्हांस फार मनोहर वाटतें.

नववर्षाचा पहिला दिवसहि अनेक बौद्ध घरांत शाकाहाराचा. त्या दिवशींचा मुख्य पदार्थ 'लोहान-झाय'. 'लोहान' म्हणजे आपला 'अर्हत्'. पुरता साग्रसंगीत केला तर अठरा अर्हतांच्या नांवानें अठरा जिन्नस पडतात: सोयाबीनच्या दुधाचें पनीर, सुकी अळंबी, बांबूचे कोंब, कमळकाकडी, मुगाच्या पिठाच्या शेवया, गाजर आणि काय काय. आपल्या हातगाड्यांवर 'चायनीज' म्हणून जें मिळतें त्याचा या भाजीशीं कांहीं संबंध नाहीं. मंचुरियन तर भारतांतच जन्मास आलेलें आहे.

या अठरा जिनसांत दक्षिणेकडील लोक एक वस्तु आवर्जून घालतात, आणि येथें आमच्या विषयाला दुसरी, कडवट बाजू लागते. काळ्या केंसांच्या गुंतवळासारखें दिसणारें तें एक प्रकारचें कोरड्या जमिनीवरील शेवाळ आहे. चव म्हणावी तर जवळजवळ नाहीं. कान्तोनी बोलींत त्याला 'फात-चॉय' म्हणतात, म्हणजे केंसांची भाजी. आणि 'गोंग हे फात-चॉय' हा कान्तोनी लोकांचा नववर्षाचा मुख्य आशीर्वाद, त्याचा अर्थ 'धनवान व्हा'. ध्वनि इतका जुळल्यावर चवीचा विचार कोण करितो? हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनीं त्यासाठीं वाटेल तो भाव मोजला. हें शेवाळ उगवतें मात्र हजारों मैल दूर, आंतला मंगोलिया, निंगशिया, कान्सू या भागांतील विरळ गवताळ माळांवर. गरीब लोक लोखंडी दांताळीं घेऊन तेथें जात आणि माळ विंचरून काढीत. शेवाळाबरोबर गवताचीं मुळें निघत, आणि मुळें गेलीं कीं वाळवंटाकडून येणारा वारा वरची माती उचलून नेई. पसाभर 'धना'साठीं एकरच्या एकर माळ उघडे पडले. अखेर २००० सालीं चिनी सरकारनें हें शेवाळ गोळा करणें आणि विकणें या दोहोंवर बंदी घातली. तेव्हांपासून बाजारांत पिष्टाचे काळे रंगविलेले तंतु त्याच नांवानें येऊं लागले. नांव तेंच राहिल्यामुळें पुष्कळांचें समाधान झालें. लांकडाच्या माशाला ज्यांनीं मान दिला, त्यांच्या वंशजांना पिष्टाचे केंस चालण्यास हरकत नसावी. आणि माळ वांचत असेल तर आम्हांस ते खऱ्याहून चांगले वाटतात.

शिल्लकीनंतर चिनी सणांतली दुसरी मोठी इच्छा म्हणजे सर्वांनीं घरीं असणें. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला, दिव्यांच्या सणीं, चिकट तांदळाच्या पिठाचे काळ्या तिळाच्या सारणाचे गोळे पाण्यांत उकडून त्या पाण्यासकट वाटींत देतात. त्यांचें नांव 'थांगयुआन', आणि कुटुंब एकत्र मिळण्याला म्हणतात 'थुआनयुआन'. उत्तरेंत त्यांनाच 'युआनशिआओ' म्हणतात. या नांवावरून एक गंमत सांगतात. १९१२ नंतर अध्यक्ष झालेला युआन शिकाई पुढें सम्राट होण्याचीं स्वप्नें पाहूं लागला. रस्त्यांतून फेरीवाले 'युआनशिआओ' असें ओरडत, तें त्याला 'युआन नष्ट' असें ऐकूं येई. म्हणून त्यानें तें नांव घेण्यास मनाई केली म्हणे. गोळे राहिले, तो १९१६ सालीं गेला. १९२८ सालीं नव्या राष्ट्रीय सरकारनें तर जुनें नववर्षच बंद करून इंग्रजी पंचांगाची १ जानेवारी पाळण्याचा आदेश काढिला. कांहीं वर्षें झगडून तो नाद सोडावा लागला. १९६७ सालीं सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमींत सणाची सुटी रद्द झाली, ती पुढें सुमारें बारा वर्षांनीं परत आली. लोक मधल्या काळांत काय करीत होते, हें चुलीच्या देवालाच ठाऊक.

त्यांचें पंचांग आपल्यासारखेंच चांद्र व सौर यांचा मेळ घालणारें, अधिक मासहि असलेलें आहे. त्यामुळें त्यांचें नववर्ष बहुधा माघ शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास, आपल्या पाडव्याच्या दोन महिने, क्वचित् एकच महिना, आधीं पडतें. त्या सुमारास शहरांतील कारखान्यांत, बांधकामांवर, घरकामांत गुंतलेले लोक गांवीं जावयास निघतात. २०१९ सालीं त्या चाळीस दिवसांत सुमारें ३०० कोटी प्रवास नोंदले गेले. पुष्कळ आईबाप वर्षांतून तेवढ्याच एका खेपेला मुलांचीं तोंडें पाहतात. मुलें आजीआजोबांपाशीं वाढतात. २०२० सालीं नववर्षाची पूर्वरात्र २४ जानेवारीला होती. २३ जानेवारीस सकाळीं सुमारें १ कोटी १० लाख वस्तीच्या वूहान शहराचे रस्ते, आगगाड्या आणि विमानें रोगाच्या भयानें बंद झालीं. दुसऱ्या रात्रीं किती मेजांवरचीं किती आसनें रिकामीं राहिलीं असतील! न आलेल्या माणसासाठींहि वाटी व काड्या मांडून ठेवण्याची चाल कांहीं घरांत आहे. ताटातूट या लोकांना इतकी बोंचते कीं, पेर नांवाचें फळ नवराबायको कापून वांटून खात नाहींत. 'पेर वांटणें' आणि 'दूर होणें' यांचा उच्चार एक आहे.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या चंद्र-पोळ्या, ज्यांत कमळबीजाचें पुरण आणि मध्यें पूर्ण चंद्रासारखा मिठांतल्या अंड्याचा बलक असतो, त्याहि याच इच्छेच्या. त्या वाटोळ्या, आणि एकच पोळी कापून घरांतल्या सर्वांनीं वांटून खावयाची. ती पौर्णिमा बहुतेक वर्षीं आपल्या भाद्रपदांत येते. २०२५ सालीं मात्र ६ ऑक्टोबरला ती आणि आपली कोजागरी एकाच रात्रीं आल्या. आजकाल या पोळ्या रेशमी पेट्यांतून वरिष्ठांस नजर करण्याचें प्रस्थ इतकें माजलें कीं, २०१३ सालीं सरकारी पैशानें त्या घेण्यास मनाई करावी लागली. त्याविषयीं अधिक लिहिण्यांत स्वारस्य नाहीं.

जो अर्थ ध्वनीवर उभा आहे, तो बोली बदलली म्हणजे काय होतो, हें पाहावयाचें असेल तर सिंगापुरास जावें. तेथें फुकिएन प्रांताकडील लोक अननसाला 'ओंग-लाय' म्हणतात. त्याचा अर्थ 'भरभराट येवो' असाहि होतो. म्हणून नववर्षाला घरोघर अननसाच्या मुरंब्याच्या लहान पुऱ्या भाजतात. १९७९ पासून तेथील सरकारनें आपापल्या बोली सोडून प्रमाण चिनी बोलण्याची मोहीम चालविली, आणि शाळा तर इंग्रजींत. प्रमाण चिनींत अननसाचें नांवच निराळें. इंग्रजींत तर ध्वनीचा प्रश्नच नाहीं. आतांचीं नातवंडें त्या पुऱ्या डबेच्या डबे फस्त करितात; भरभराटीला कोणी हांक मारली हें त्यांच्या कानीं पडत नाहीं. त्याच शहरांत कच्च्या माशाच्या कापांची व किसलेल्या भाज्यांची एक कोशिंबीर मात्र फार लोकप्रिय झाली आहे. ती करतांना एकेक जिन्नस ताटांत पडतो तसा त्याचा आशीर्वाद मोठ्यानें म्हणावयाचा असतो, आणि मग सर्वांनीं काड्यांनीं तें उंच उडवून कालवावयाचें. जेथें शब्द आपोआप ऐकूं येईनासे झाले, तेथें ते ओरडून सांगण्याचा हा रिवाज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फोफावला, हें आम्हांस योगायोगाचें वाटत नाहीं.

संत्र्यांचें तसेंच. कान्तोनी बोलींत संत्र्याला 'गाम' आणि सोन्यालाहि 'गाम'. नववर्षाच्या भेटीला जातांना हातांत दोन संत्रीं असावीं लागतात. एक नेणें अशुभ, आणि चार नेणें नको, कारण 'चार' आणि 'मरण' यांचे ध्वनि जवळचे. निघतांना यजमान दुसरीं दोन संत्रीं पाहुण्याच्या हातीं देतो. हिशोब जागच्या जागीं राहतो. सोनें तेवढें घराघरांतून फिरून येतें.

मुंबईस माझगांवांत १९१९ सालीं बांधलेलें एक लहानसें चिनी मंदिर आहे. कान्तोन प्रांतांतून बोटींवर व गोदींत कामास आलेल्या लोकांनीं तें उभारलें. १९६२ च्या युद्धानंतर या देशांतील पुष्कळ चिनी कुटुंबांवर कठीण प्रसंग आले. कित्येकांना राजस्थानांत देवळी येथें स्थानबद्ध केलें, आणि नंतर अनेकांनीं देश सोडला. मुंबईंत आतां मूठभर घरें राहिलीं आहेत. नववर्षाच्या रात्रीं तीं त्या मंदिराच्या अरुंद जिन्यावरून वर जातात, उदबत्त्या लावितात, आणि मग आपापल्या घरीं जेवावयास परततात. तेथें मासा वाट पाहत असतो.